लाटेचं नाव, भेगांचं काम

समुद्रातल्या दगडी कमानीचा फोटो कुणी टाकला की खाली ठरलेली ओळ येतेच: "लाटांनी कोरलेलं शिल्प!" लाटेला एवढं श्रेय मला पटत नाही. खडक कुठे तुटणार हे त्यातल्या भेगा ठरवतात आणि कोणत्या उंचीवर झिजणार हे भरती-ओहोटी. लाट फक्त हातोडा.

लाट भेगेत घुसली की आतली हवा कोंडून दाबली जाते, पाणी मागे हटलं की झटक्यात सुटते. पायथ्याशी वाळू-गोटे घासत राहतात. ओहोटीत खडक वाळतो, छिद्रांतल्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे होतात. थंड प्रदेशात भेगेतलं पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगतं, ते वेगळंच. आधी कपार, मग गुहा. भूशिराच्या दोन्ही बाजूंच्या गुहा भिडल्या की कमान, छत पडलं की सुळका.

कॅनडात फंडीच्या उपसागरातले होपवेल रॉक्स बघा. पायथा बारीक, वर रुंद डोकं आणि त्यावर चक्क झाडं! भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथवरच खडक खंगलाय. आणि तो खडकही काही एकसंध नाही, वाळू-गोटे चिकटून झालेला. एक गोटा निसटला की शेजारचे सैल.

या कमानी आपल्या सोयीने पडत नाहीत. माल्टाची अझूर विंडो ८ मार्च २०१७ ला वादळात गेली. ऑस्ट्रेलियातल्या 'लंडन ब्रिज'ची किनाऱ्याकडची कमान १५ जानेवारी १९९० ला कोसळली, तेव्हा पलीकडे दोन माणसं अडकली. हेलिकॉप्टरने काढावी लागली. तरी लोक कमानीखाली सेल्फी घेतातच.

ओहोटीत अशा जागी उतरणार असाल तर बाराव्या हिश्श्याचा हिशोब पाठ करा. सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही: १, २, ३, ३, २, १ असे बारावे हिस्से. भरती-ओहोटीतला फरक १२ मीटर असेल, तर पहिल्या तासात १ मीटर, पण तिसऱ्यात ३, म्हणजे मिनिटाला ५ सेंटिमीटर. पहिल्या तासाच्या संथपणावर लोक फसतात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा फरक आणखी मोठा. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, पाणी वळलं की परत फिरा. आणि पायथ्याशी ताज्या, कोरदार कडांचे दगड पडलेले दिसले तर त्या सुळक्यापासून लांबच राहा.