मोल्डचा खर्च एका ओळीत उरकू नये

गाडीच्या प्लास्टिक बंपरची किंमत कशी ठरते यावरच्या लेखात त्या किमतीची फोड (कच्चा माल, मशीन-तास, पेंट, वाहतूक) नीट दिली आहे, पण मोल्डचा, म्हणजे बंपरच्या साच्याचा, खर्च एका ओळीत संपवलाय. बंपर बनवून देणारा व्हेंडर अडकतो तो नेमका तिथेच.

समजा व्हेंडरने स्वतःच्या पैशाने केलेला मोल्ड ६० लाखांचा आणि गाडी कंपनीने सांगितलेला अंदाज २ लाख नगांचा. म्हणजे मोल्डचे नगामागे ३० रुपये किमतीत धरले. मॉडेल ८० हजारांवर थांबलं तर वसूल झाले २४ लाख. उरलेल्या ३६ लाखांचा बोजा व्हेंडरवर, व्याज वेगळंच. म्हणून ठरलेल्या मुदतीत नग पूर्ण झाले नाहीत तर बाकी रक्कम एकरकमी मिळेल, हे पीओमध्येच (खरेदी ऑर्डरमध्येच) लिहून घ्यावं. २ लाख नग झाले की ते ३० रुपये किमतीतून उतरलेही पाहिजेत. गाडी कंपनीच्या खरेदी विभागाने त्यावर लक्ष ठेवायला हवं.

डिझाइनवाल्यांसाठी एक: मोल्डच्या ट्रायलनंतर रिब (बंपरला आतून मजबुती देणारी पट्टी) जाड करणं सोपं, कारण मोल्डचं स्टील कापून तिची खाच रुंद करता येते. बारीक करायची तर वेल्डिंग करून पुन्हा मशिनिंग, नाहीतर नवा इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवायचा वेगळा तुकडा). शंका असेल तिथे रिब आधी बारीकच ठेवा.