‘रुग्णांना घाबरवता कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फुप्फुस प्रत्यारोपणावरच्या माझ्या लेखाचे शेवटचे दोन परिच्छेद आपल्याला खटकले आहेत. आपल्या वडिलांना फायब्रोसिस (फुप्फुसात व्रण पडून ते कडक होत जाण्याचा आजार) आहे आणि त्यांचे नाव प्रतीक्षायादीत आहे. अशा वेळी ‘नव्या फुप्फुसानंतर लिम्फोमासारखा आजार होऊ शकतो’ हे (लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग) वाचून घरातल्या सगळ्यांचा धीर खचला, असे आपण लिहिता. दोन-चार टक्क्यांची गोष्ट एवढी कशाला वाढवायची, हा आपला एक आक्षेप. ‘औषधे कमी केल्यावर हा आजार ओसरतो’ हे (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांविषयीचे) वाक्य बेजबाबदार आहे, हा दुसरा.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपले म्हणणे बरोबर आहे. वाक्य खोटे नव्हते, पण अर्धवट होते. प्रत्यारोपण शल्यविशारद थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्या प्रत्यारोपित रुग्णांत उद्भवलेल्या अशा गाठी, ते औषध कमी किंवा बंद केल्यावर विरू शकतात. कर्करोगासारखी दिसणारी गाठ केमोथेरपीशिवाय मागे हटते, ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती आणि तीच सांगण्याच्या उत्साहात माझे पुढचे लिहायचे राहून गेले. मूत्रपिंडाच्या रुग्णात औषध कमी केले आणि शरीराने ते मूत्रपिंड नाकारले, तर निदान डायलिसिसचा आधार असतो. फुप्फुसाला तसा पर्याय नाही. एक्मोवर (शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या यंत्रावर) माणूस काही दिवस किंवा आठवडे तगवता येतो, वर्षे नाही. शिवाय फुप्फुस हा शरीर सहज नाकारते असा अवयव आहे. म्हणून औषधे किती उतरवायची, कोणते आधी उतरवायचे, हा निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच, रक्तातील औषधाची पातळी आणि फुप्फुसाची क्षमता वारंवार मोजत घ्यायचा असतो. घरी एक गोळी कमी करून पाहण्याचा हा विषय नव्हे.

आता टक्केवारी. मूत्रपिंड प्रत्यारोपित केलेल्या प्रौढ रुग्णांत या आजाराचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते. फुप्फुसाच्या बाबतीत वेगवेगळ्या केंद्रांनी साधारण २ ते १० टक्के इतके नोंदवले आहे. आतड्याच्या प्रत्यारोपणात ते याहूनही चढते. हा फरक का पडतो, हे पाहिले की आकडा कमी भीतिदायक आणि अधिक उपयोगी वाटू लागतो. फुप्फुस आणि आतडे दोन्ही बाहेरच्या जगाला उघडे अवयव आहेत. त्यांच्या अस्तराखाली लसिका ऊतींचा (संसर्गाशी लढणाऱ्या पेशींच्या समूहांचा) मोठा साठा असतो, म्हणून दात्याच्या फुप्फुसाबरोबर त्याच्या लसिकापेशीही रुग्णाच्या शरीरात येतात. त्या पेशींत बहुधा एपस्टाइन-बार विषाणू निद्रिस्त असतो. १९६४ साली सापडलेला हा विषाणू जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर मुक्कामाला असतो आणि एरवी आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण टी-पेशी नावाच्या प्रतिकारपेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधे नेमका तोच पहारा ढिला करतात, आणि फुप्फुसासाठी त्यांची मात्रा इतर बऱ्याच अवयवांपेक्षा जास्त ठेवावी लागते. पहारा सुटला की विषाणू असलेल्या बी-पेशी (लसिकापेशींचाच एक प्रकार) बेसुमार वाढतात. कधी ती नुसती वाढ असते, कधी खरोखरचा लिम्फोमा. या सगळ्या पट्ट्याला मिळून ‘पीटीएलडी’ (प्रत्यारोपणानंतर होणारी लसिकापेशींची बेसुमार वाढ) म्हणतात, म्हणूनच मी ‘लिम्फोमासारखा’ असा शब्द वापरला होता, ‘कॅन्सर’ असा सरसकट नव्हे.

सर्वाधिक धोका असतो तो ज्याला या विषाणूचा संसर्ग कधी झालाच नाही आणि ज्याला विषाणू असलेल्या दात्याचे फुप्फुस मिळते, अशा रुग्णाला. असे रुग्ण मुख्यतः लहान मुले असतात. भारतात बहुतेकांना हा संसर्ग बालपणीच होऊन जातो, त्यामुळे आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाकडे त्या संसर्गातून आलेले संरक्षण असण्याची शक्यता खूप मोठी आहे. प्रत्यारोपणापूर्वीच्या तपासण्यांत याची प्रतिपिंडे पाहिली जातात. तो अहवाल मागून घ्या.

तरीही हा आकडा सांगायचाच कशाला? कारण आपल्याकडे या आजाराची गल्लत होण्याची दाट शक्यता आहे. पहिल्या वर्षातला पीटीएलडी फुप्फुसाच्या रुग्णात बरेचदा त्या नव्या फुप्फुसातच गाठीच्या रूपाने दिसतो: थोडा ताप, वजनात घट, सीटी स्कॅनवर एक-दोन गोल सावल्या. हे चित्र पाहून आपल्याकडे पहिल्यांदा कोणाच्याही मनात क्षयरोग किंवा बुरशीचा संसर्ग येणार, आणि तसे येणे चूकही नाही, कारण तेही या रुग्णांत होतात. परंतु गाठीचा तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू केली, तर त्यातले रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी झपाट्याने खाली आणते. म्हणजे आजार एकीकडेच राहतो आणि नवे फुप्फुस नाकारले जाण्याचा धोका वाढतो. रक्तातील विषाणूंच्या मोजणीवरही पूर्ण विसंबता येत नाही. ती चढी असूनही गाठ नसू शकते, आणि उशिरा होणाऱ्या प्रकारांत तर विषाणूचा संबंधच नसलेल्या गाठी बऱ्याच असतात. निर्णय बायोप्सीच देते. (पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझा पक्षपात इथे दिसेल, तो मान्य.)

उपचारांविषयी मी अगदीच त्रोटक लिहिले, हेही खरे. औषधे उतरवून पुरेसा गुण आला नाही, तर बी-पेशींवर काम करणारे रिटुक्सिमॅब देतात, आणि त्यानेही भागले नाही तर केमोथेरपी. विषाणूविरुद्ध तयार केलेल्या टी-पेशी टोचण्याच्या उपचाराला युरोपात २०२२ साली मान्यता मिळाली आहे. गाठ लवकर ओळखली गेली आणि एकाच जागी असली, तर परिणाम पुष्कळ चांगले येतात.

मूळ लेखातले ते वाक्य आज बदलले आहे. आता ते असे आहे: ‘बायोप्सीने निदान पक्के झाल्यावर, प्रत्यारोपण केंद्राच्या देखरेखीखाली औषधांची मात्रा कमी केल्याने काही रुग्णांत हा आजार ओसरतो, रुग्णाने स्वतःहून एकही मात्रा चुकवू नये.’