शाळेची हद्द सरकताना पालकांनी घ्यावयाची काळजी

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या हॉवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) घर घेतले असेल, तर सर्वप्रथम आपला पॉलिगॉन क्रमांक पाठ करावा. सरकारी शाळांच्या हद्दी आखण्यासाठी काउंटीचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. गोत्र विसरले तरी चालेल, पॉलिगॉन विसरून चालणार नाही. कारण मूल कोणत्या शाळेत जाणार हे त्यावर ठरते, आणि घराला भाव काय येणार हेही.

दुसरे काम म्हणजे ‘चूज सिव्हिलिटी’ हा हिरवा स्टिकर गाडीच्या मागे लावणे. सौजन्याने वागा, असे सांगणारी ही येथील जुनी मोहीम आहे. स्टिकर मागे असल्यामुळे गाडी चालवणाऱ्याला तो दिसत नाही, ही मोठी सोय आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये तेथील शाळांचे अधीक्षक मायकेल मार्टिरानो यांनी सुमारे 7,400 विद्यार्थ्यांच्या शाळा बदलण्याचा प्रस्ताव मांडला. काही शाळा तुडुंब भरल्या होत्या, तर काहींत जागा रिकामी होती. शिवाय सवलतीचे जेवण घेणाऱ्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील, मुलांचे प्रमाण वाइल्ड लेक हायस्कूलमध्ये 40 टक्क्यांहून अधिक होते आणि त्याच काउंटीतील रिव्हर हिलमध्ये 5 टक्क्यांहूनही कमी. अशा वेळी गर्दीबद्दल भरभरून बोलावे आणि जेवणाच्या आकड्यापाशी आले की घसा खाकरावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या निकालानंतर केवळ वंश पाहून एखाद्या मुलाची शाळा ठरवणे शिक्षण मंडळांना अवघड झाले आणि मोजमाप उत्पन्नावर आले. तेव्हा वंशाचा उच्चार तुम्हीही करण्याचे कारण नाही. नकाशा बोलतोच आहे.

या प्रस्तावावरच्या शिक्षण मंडळाच्या सुनावणीत तुम्हाला तीन मिनिटे मिळतील. प्रारंभ शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राउन खटल्याला वंदन करून करावा. मग जेम्स राऊस यांचे नाव घ्यावे. त्यांनी 1967 मध्ये याच काउंटीत कोलंबिया हे शहर वसवले ते सर्व वर्णांच्या आणि सर्व उत्पन्नांच्या लोकांनी एकत्र राहावे म्हणून, आणि शेजाऱ्यांची गाठ पडावी यासाठी टपालपेट्यासुद्धा दारोदार न ठेवता एका जागी बसवल्या. आपण दररोज त्याच पेटीतून पत्रे काढतो, हे गहिवरून सांगावे. वाइल्ड लेक हे त्यांच्याच शहरातले पहिले ‘गाव’, म्हणजे पहिली वस्ती, हे मात्र सांगण्याची गरज नाही.

‘घराची किंमत’ हे शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नयेत. त्यांच्या जागी ‘मुलांची मैत्री’, ‘मानसिक आरोग्य’ आणि ‘बसमधला वेळ’ हे शब्दप्रयोग वापरावेत. बसचा मुद्दा विशेष परिणामकारक ठरतो. दर रविवारी मराठी शाळेसाठी चाळीस मिनिटे, तेथून तबल्याच्या वर्गासाठी आणखी पंचवीस मिनिटे तुम्ही मुलाला मागच्या सीटवर बसवून हिंडवता, मधल्या वेळेत डब्यातली पोळीभाजीही गाडीतच उरकते. पण ते संस्कार झाले. शाळेच्या बसमधली वीस मिनिटे म्हणजे बालपणावर घाला होय.

आपल्यासारख्यांच्या हाती आणखी एक हुकमी पत्ता असतो. ‘आम्ही स्वतःच अल्पसंख्याक, दोन बॅगा घेऊन या देशात आलो,’ असे म्हणताच सभागृह शांत होते. त्या बॅगांत पदव्युत्तर पदवीचे प्रमाणपत्र होते, हा तपशील तीन मिनिटांत बसत नाही. त्या दुसऱ्या शाळेचे पालक सुनावणीला इतके कमी का, असे कोणी विचारलेच तर त्यांना मुलांच्या शिक्षणाची आस्था नसावी, असे खेदाने सुचवावे. संध्याकाळची पाळी सोडून त्यांना येता आले नसेल, ही शंका मनात आल्यास ती मनातच ठेवावी.

एवढे करूनही नोव्हेंबर 2019 मध्ये मंडळाने सुमारे 5,400 विद्यार्थ्यांना हलवण्याचा निर्णय घेतलाच. म्हणून निषेधाचा टी-शर्ट टाकून देऊ नये. 2023 मध्ये गिल्फर्ड पार्क ही काउंटीची तेरावी हायस्कूल उघडली, तीसुद्धा हद्दी पुन्हा आखूनच. नवी घरे बांधली जातच आहेत, वर्ग भरतच आहेत. तेव्हा धाकट्यासाठी टी-शर्ट घेताना, गणवेश घेतो तसा, वाढत्या अंगाचा घ्यावा.