शिकवा कितीही, मोजणार पेपरच!

मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकाच्या बढतीच्या अर्जात शिकवण्याला जागा केवढी, तर 'तास' नावाचा एक रकाना. रुग्णाच्या खाटेशी उभं राहून प्लीहा चाचपायला शिकवलं, ते लिहायचं कुठे? विद्यार्थ्यांचा अभिप्राय म्हणजे मोजक्यांनी घाईघाईत केलेल्या बरोबरच्या खुणा. मग उरतात पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध. त्यातही लेखकांच्या यादीत पहिलं नाव हवं, नाहीतर शेवटचं. मधल्यांना कोण विचारतंय! आणि तो इम्पॅक्ट फॅक्टर! जर्नलच्या, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाच्या, मागच्या २ वर्षांतल्या लेखांचे यंदा इतरांनी दिलेले संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या. म्हणजे सरासरी जर्नलची, लेखकाची नव्हे. दोन-चार लेख गाजले की बाकीचे फुकटात मोठे. माणसं जोखायला तो वापरू नका, असं २०१२ मध्ये तयार झालेला, संशोधन कसं जोखावं यावरचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा बजावतो. तरी छाननीत पहिला प्रश्न काय? "फॅक्टर किती?"