"खरा वक्ता कार्ड धरत नाही" म्हणे, पण जरा थांबा

पोरांच्या वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीवरून सध्या सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की खरा वक्ता हातात कार्ड धरत नाही, भाषण सगळं पाठ करायचं, माहिती तर मोबाईलवर मिळतेच, कार्डं लिहीत बसणं म्हणजे टाईमपास. मला हे अजिबात पटत नाही.

पहिलं म्हणजे यात गल्लत झालीय. अभ्यासाचं कार्ड, म्हणजे वाचलेला मुद्दा टिपायचा कागदाचा तुकडा, स्टेजवर न्यायचंच नसतं ओ, ते घरी वाचता वाचता करायचं. स्टेजसाठी हवं तर चार-पाच शब्दांचं वेगळं, आणि स्पर्धेच्या नियमात बसत नसेल तर तेही नको.

आता "पाठ करा". 12 जानेवारी घ्या. जिजाऊ जयंती, विवेकानंद जयंती आणि आपल्याकडं चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन, सगळं एकाच दिवशी. त्यात सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला 12 मे 1930 ला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली 12 जानेवारी 1931 ला. सगळीकडं 12, मग पोरं गोंधळणारच, आणि पाठांतरात एक तारीख अडली की पुढचं सगळं अडतं. म्हणून एका कार्डावर एकच मुद्दा. वर ठळक "मार्शल लॉ", खाली आपल्या शब्दांत, 8 मे गोळीबार, 12 मे मार्शल लॉ, आणि कोपऱ्यात पुस्तकाचं नाव, पान नंबर. कुणाचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर अवतरण चिन्ह तिथल्या तिथं टाका, चार दिवसांनी कुठलं आपलं न् कुठलं पुस्तकातलं कळत नाही. मग सगळी कार्डं सतरंजीवर पसरायची, फाशीपासून सुरू करून मागं मे महिन्यात यायचं की सरळ क्रमानं जायचं, हलवून बघायचं. वहीत लिहिलेलं असं हलत नाही, आणि पोराला खरं भाषण इथंच सुचतं, हे मी अगदी खात्रीनं सांगतो.

मोबाईलचं म्हणाल तर फॉरवर्डला ना लेखक ना पान. परीक्षकांनी "हे कुठं वाचलंस बाळा?" विचारलं तर पोरानं काय सांगायचं? मोबाईलवरच लिहायचं तर लिहा, पण स्रोत टाकूनच.

टाईमपास? लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून पोस्टकार्डाएवढे तुकडे करा, खर्च शून्य. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाताना पोराच्या खिशात दहा-बारा टाकून द्या, आणि पेन द्यायला विसरू नका.