लोखंड तापट आणि माती थंड?

उन्हाळा लागला की खान्देशात एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा : लोखंड स्वतः उष्णता निर्माण करते, माती मुळातच थंड असल्यामुळे धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात उष्णता शिरत नाही, लोखंडी पत्रे काढून तेवढ्याच जाडीचे प्लास्टिकचे टाकले की घर गार होते, आणि खापरावर (मातीच्या तव्यावर) उष्णता सगळीकडे सारखी पसरते म्हणून त्यावरचे मांडे करपत नाहीत. धाब्याचे घर दुपारी गार लागते आणि मांडे खापरावरच चांगले होतात, हे कोणीही मान्य करील. प्रश्न दिलेल्या कारणांचा आहे.

पहिला मुद्दा विळ्यावर तपासता येतो. डिसेंबरच्या पहाटे पाते बोचरे गार लागते आणि लाकडी मूठ तशी लागत नाही, मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की सावलीतलेच पाते मुठीपेक्षा गरम लागते. वास्तविक दोन्ही वेळी पाते आणि मूठ यांचे तापमान एकच असते. आपली त्वचा साधारण ३३-३४ अंशांवर असते, आणि लोखंड तिच्यातून उष्णता झपाट्याने ओढते किंवा तिला देते, एवढाच फरक आहे. माती मुळातच थंड म्हणून दिला जाणारा माठाचा दाखला तर येथे लागूच होत नाही, कारण माठातले पाणी झिरपून बाष्पीभवन झाल्याने गार होते.

धाब्याचा मुद्दा अधिक विचार करण्यासारखा आहे. कोरड्या मातीची उष्णतावाहकता काँक्रीटच्या निम्म्याच्या आसपास असते, म्हणजे ती काही फार मोठी रोधक नव्हे. तिचे बळ जाडीत आणि वजनात आहे : फूटभर मातीतून दिवसाच्या उष्णतेची लाट खाली उतरायला सुमारे नऊ-दहा तास लागतात आणि तोवर ती दशांशाइतकी क्षीण होते. म्हणजे उष्णता शिरते, पण दुपारची उष्णता मध्यरात्री पोहोचते. (धाब्यावर अंथरूण टाकण्याची चाल उगीच पडलेली नाही.)

प्लास्टिकच्या पत्र्याचा सल्ला मात्र खिशाला चाट लावणारा आहे. पोलादाची वाहकता सुमारे ५० वॉट प्रति मीटर प्रति अंश आणि प्लास्टिकची ०.२, म्हणजे फरक अडीचशे पट. हे ऐकून कोणाचीही खात्री पटावी. परंतु जाडी अर्धा मिलिमीटर असेल, तर प्लास्टिकचाही अडथळा इतका नगण्य असतो की छताला चिकटून असलेला हवेचा पातळ थर त्याच्या कित्येक पट अधिक अडवतो. दोष धातूचा नसून पातळपणाचा आहे. त्याच पत्र्याखाली पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) वीतभर थर बांधला, तर त्यात कोंडलेली हवा, जिची वाहकता जेमतेम ०.०२५ आहे, खरे काम करते. आगीची काळजी तेवढी घ्यावी लागते.

राहिले खापर. त्यात उष्णता आडवी पसरत नाही, उलट जिथे जाळ तिथेच ते तापते. सारखेपणा हवा असेल तर तांबे किंवा अ‍ॅल्युमिनियम सरस. खापराचा खरा गुण असा की, तेवढ्याच तापलेल्या लोखंडी तव्याच्या मानाने ते मांड्याला उष्णता सावकाश देते, म्हणून पातळ पारी लगेच करपत नाही. सारखेपणा येतो तो चुलीतली लाकडे पुढे-मागे सारणाऱ्या बाईच्या हाताने.