ठणका दाढेत, भांडण गोळीवरून

इकडे इंग्लंडमध्ये दाढ कितीही ठणकत असली तरी चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला अँटिबायोटिक देत नाही म्हणजे नाहीच. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी केमिस्ट लोकांना हेच बजावलं, आणि तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर वाद काही संपत नाही, एक गट म्हणतो परदेशासारखी शिस्त हवीच, दुसरा म्हणतो रात्री दोनला ठणका लागलेल्या माणसाने मग करायचं काय?

प्रश्न रास्त आहे, पण त्या माणसाला हवी असते ती पेनकिलर. बहुतेक वेळा दाढेच्या आतली नस सुजलेली असते, भोवती कडक दात, सुजायला जागाच नाही, म्हणून तर आडवं पडलं की जास्त ठणकतं. अँटिबायोटिकने ही सूज उतरत नाही, आणि नस मेली की तिथे रक्तच पोचत नाही तर औषध कुठून पोचणार. मग ग्रुपवरच्या काकांना अँटिबायोटिक घेऊन दोन दिवसांत गुण कसा आला? अहो, बऱ्याचदा नस मरते म्हणून ठणका थांबतो, श्रेय घेऊन जाते गोळी आणि मुळाशी पू साचत राहतो! त्यापेक्षा आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून चांगलं काम करतात (अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको). गाल सुजला, ताप आला तर अँटिबायोटिक लागू शकतं, पण तेव्हाही पू काढावाच लागतो, रूट कॅनाल नाहीतर दाढ काढणं टळत नाही. तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास अडतोय, तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता इकडच्या शिस्तीचं फार कौतुक करणाऱ्यांसाठी. २०२० मध्ये कोविडमुळे इथले दातांचे दवाखाने मार्चअखेरपासून ८ जूनपर्यंत नेहमीच्या कामाला बंद होते, फोनवर सल्ला, पेनकिलर आणि गरज वाटली तर अँटिबायोटिक एवढंच. झालं काय, डेंटिस्ट तेच, नियम तेच, तरी अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या वाढल्या, कारण दाढेत हात घालायची सोयच नव्हती. आजही इथे सरकारी योजनेत नवीन पेशंट घेणारा डेंटिस्ट शोधणं म्हणजे दिव्य, आणि आपल्याकडे शहरात संध्याकाळी फोन केला तर बऱ्याचदा त्याच दिवशी खुर्चीत बसवतात, तरी लोक आधी मेडिकलच गाठतात, याला काय म्हणावं! खेड्यातल्या माणसाला मात्र मी नावं ठेवणार नाही. तिथे केमिस्टवर धाड घालायच्या आधी ग्रामीण रुग्णालयात दातांची खुर्ची आणि ती रोज चालवणारा डॉक्टर द्या.